एक दिवस कढत, एक दिवस कोमट

नागपुरात मानेवाडा रोडकडच्या एका लेआऊटमधून (प्लॉटांच्या वसाहतीतून) एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: गिझर २५ लिटरचा, चार वर्षं जुना. दिवाळीत बाथरूमचं काम काढलं, टाइल्स बदलल्या, नवीन मिक्सर नळ आणि हॅन्ड शॉवर लावला. डिसेंबरपासून बादलीत पाणी एक दिवस कढत पडतं, एक दिवस कोमट. आतून खदखद आवाज येतो. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळतं. पहिल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा भाग) बदलला, चार दिवसांनी पुन्हा तेच. दुसरा म्हणाला, टाकी गेली, नवाच घ्या. शेजारच्या काकू म्हणतात, व्हॉल्व्हला डमी (तोंड बुजवणारं बूच) लावा, गळणं थांबेल. दीर म्हणतात, कटकटच नको, गॅस गिझर बसवा. तर आता बोलवायचं कोणाला?

सगळ्यात आधी व्हॉल्व्हचं. डमी लावू नका. लावून झाली असेल तर गिझरचा एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) खाली पाडा, डमी काढून घ्या आणि मगच पुढचं वाचा.

श्रद्धानंदपेठेच्या आयटीआयमधून मी तारतंत्रीचा कोर्स केला त्याला आता सव्वीस वर्षं झाली. उन्हाळ्यात कूलर, हिवाळ्यात गिझर, असा आमच्या धंद्याचा नागपुरी हिशेब. प्लंबिंग मात्र मला कोणी शिकवलं नाही, नाइलाजाने शिकलो. गिझर बिघडला म्हणून बोलावणं यायचं, मी जाऊन मल्टिमीटर लावायचो, वीज बरोबर, पाणी तापवणारी कॉईल बरोबर, थर्मोस्टॅट बरोबर, आणि पाणी तरी गार. तेव्हा हळूहळू लक्षात आलं की गिझर जितका विजेचा आहे तितकाच नळाचाही आहे. फोन करणाऱ्याने चुकीच्या बाजूचा मिस्त्री बोलावला की त्याचे पैसे अक्षरशः पाण्यात जातात. तुमच्याकडे थर्मोस्टॅटचे गेले.

तुमच्या प्रश्नात तीन तक्रारी एकमेकींत गुंतल्या आहेत: कोमट पाणी, आवाज आणि गळती. त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही आणि तिन्हींना माणूसही एक नाही. गळतीला तर बहुधा माणूसच लागणार नाही.

आधी कोमट पाणी. 'एक दिवस कढत, एक दिवस कोमट' हे तुमचे शब्द वाचले आणि मला निम्मं उत्तर तिथेच मिळालं. कॉईल जळाली की जळाली. ती मंगळवारी चालून बुधवारी रुसत नाही. थर्मोस्टॅट क्वचित असा लहरीपणा करतो, पण तो तर नवा आहे. घरात रोज बदलतं ते एवढंच, की आपल्या आधी कोण अंघोळ करून गेलं आणि जाताना नळ कसे सोडून गेलं.

नंदनवनात एका निवृत्त मास्तरांकडे मी असाच अडकलो होतो. माझ्याआधी तिघे येऊन गेलेले. काढलेल्या दोन कॉईली मास्तरांनी वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख घालून ठेवल्या होत्या. मी दोन्ही मीटरवर धरल्या. दोन हजार वॅटची कॉईल २६ ओहमच्या आसपास दाखवते. या दोन्ही तेवढंच दाखवत होत्या. म्हणजे ठणठणीत कॉईली काढून ठणठणीत कॉईली बसवल्या होत्या, दोनदा. मास्तर म्हणाले, "भाऊ, आता तुम्हीच सांगा, माझं काय चुकून राहिलं?" मलाही सांगता येईना. तेवढ्यात नातू अंघोळ करून निघाला. मी आत डोकावलो. हॅन्ड शॉवर हुकवर टांगलेला, त्याचं बटण दाबून बंद केलेलं, आणि खाली मिक्सरचे दोन्ही नॉब पूर्ण उघडे.

आता आतली गंमत बघा. मिक्सरमध्ये गार आणि गरम पाण्याच्या लाइनी एका पोकळीत येऊन मिळतात. पुढे जायला वाट नसेल आणि दोन्ही नॉब उघडे असतील, तर ती पोकळी म्हणजे दोन लाइनींमधला पूल होतो. तुम्ही बाजूच्या नळाने बादलीत गरम पाणी सोडलं की गिझरचं पाणी येतंच, पण या पुलावरून गार पाणीही त्याच पाईपमध्ये शिरतं. गिझर बिचारा आपलं काम चोख करत असतो. बादलीत मात्र कोमट. नातवाने नॉब बंद केले की आजोबांना कढत, विसरला की कोमट. मास्तरांनी दोन महिने गिझरला शिव्या घातल्या होत्या.

तुमच्याकडे बिघाड दिवाळीनंतर सुरू झाला आणि दिवाळीत नवा मिक्सर व हॅन्ड शॉवर लागला. तेव्हा ही तपासणी आधी करा, पाच मिनिटांचं काम आहे. गिझरचा एमसीबी बंद करा. गिझरला गार पाणी देणारा अँगल कॉक, जो निळ्या तोंडाकडे जातो, तो पूर्ण आवळा. मिक्सरचे नॉब घरातले लोक सोडतात तसे उघडे ठेवा आणि हॅन्ड शॉवर बटणाने बंद करा. आता बादलीचा गरम पाण्याचा नळ सोडा. पाईपमधलं थोडं पाणी येईल आणि धार थांबायला हवी. धार थांबली नाही, वाहतच राहिली, तर ते पाणी गिझरमधून येऊच शकत नाही, कारण त्याचा रस्ता तुम्ही बंद केला आहे. ते मिक्सरच्या पुलावरून येतंय. अशा वेळी इलेक्ट्रिशियनचं काहीच काम नाही. नॉब बंद करायची सवय लावणं हा फुकटचा उपाय. सवय लागत नसेल (घरात कॉलेजची पोरं असली की लागत नाही, हा अनुभव) तर प्लंबरकडून मिक्सरच्या दोन्ही लाइनींवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे) टाकून घ्या. नॉब बंद असूनही धार चालू राहिली तर मिक्सरच्या आतलं वॉशर किंवा कार्ट्रिज गेलेलं आहे. तपासणी झाल्यावर अँगल कॉक उघडायला विसरू नका, आणि गरम नळातून अखंड धार आल्याशिवाय एमसीबी वर करू नका. कोरड्या टाकीत कॉईल पेटली तर मग खरंच कॉईल बदलावी लागेल.

धार थांबली तर? तर पाईप उलटे जोडले नाहीत ना ते बघा. बाथरूमचं काम झालं की गिझर उतरवून परत चढवलेला असतो आणि टाइल्सवाल्याच्या घाईत लाल-निळ्याची अदलाबदल मी कितीदा तरी पाहिली आहे. गार पाणी निळ्या तोंडातून टाकीच्या तळाशी शिरायला हवं आणि गरम पाणी लाल तोंडाच्या उंच नळीतून माथ्यावरून निघायला हवं, कारण गरम पाणी हलकं असतं, वर तरंगतं. उलटं जोडलं की गार पाणी वरून पडून सगळं ढवळून टाकतं आणि सुरुवातीचं जरा गरम आलं की मग कोमटच. सेफ्टी व्हॉल्व्ह निळ्या तोंडावर असायला हवा. तो लाल तोंडावर दिसला की शंकाच नको. हेही प्लंबरचंच काम.

आणि गिझर स्वतः ठीक आहे की नाही, हे घड्याळावर कळतं. जानेवारीत आपल्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे साधारण १८ अंश धरा. (२०१८ च्या डिसेंबरअखेरीस शहराचा पारा ३.५ वर गेला होता, तशा पहाटेला त्याहून कमी.) २५ लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर न्यायला सव्वा युनिट वीज लागते. म्हणजे दोन हजार वॅटच्या कॉईलला ३५ ते ४० मिनिटं. सगळे नळ बंद ठेवून गिझर लावा आणि तापण्याचा दिवा किती वेळाने विझतो ते बघा. पाऊण तासाच्या आत विझला तर कॉईल आणि थर्मोस्टॅट दोघंही शाबूत, दोष नळाच्या बाजूला. दहा मिनिटांतच विझला आणि पाणी गारच, तर थर्मोस्टॅट लवकर तोडतोय किंवा कॉईलवर क्षारांचा जाड थर बसलाय. तास उलटला तरी दिवा सुरूच असेल तर कुठला गरम नळ गळतोय का बघा, आणि घरातलं व्होल्टेज मोजून घ्या. शहराच्या कडेच्या लेआऊटांत सकाळी सगळ्यांचे गिझर आणि बोरच्या मोटरी एकदम चालतात. २३० च्या जागी २०० व्होल्ट मिळाले तर दोन हजार वॅटची कॉईल दीड हजाराएवढंच काम करते आणि ४० मिनिटांची ५० होतात. दिवा मुळीच लागत नसेल तर वीजच पोचत नाही किंवा कट-आऊट (पाणी फार तापलं की वीज तोडणारं) उडालंय. दिवा लागतोय आणि तासाभराने पाणी नळाइतकंच गार, तर कॉईल गेली. या शेवटच्या दोन गोष्टींसाठी मात्र इलेक्ट्रिशियन किंवा कंपनीचा माणूसच हवा.

पूर्ण तापलेल्या २५ लिटर पाण्यात गार मिसळून अंघोळीपुरतं ऊन पाणी मोठ्या दोन-अडीच बादल्या निघायला हवं. तेवढं निघत असेल आणि तरीही तिसऱ्या माणसाला गार मिळत असेल, तर तो बिघाड म्हणू नका, ते गणित आहे. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरवाल्यांची निम्मी तक्रार अशीच असते. तीन हजार वॅटमध्ये हिवाळ्यात मिनिटाला पावणेदोन लिटरच्या आसपास पाणी नीट तापतं; नळ पूर्ण सोडला की कोमट येणारच. धार बारीक करा.

आता आवाज. इथे तुम्हाला खरंच मिस्त्री लागणार आहे. तुमच्या भागात बरीच घरं बोरच्या पाण्यावर आहेत, तुमचंही असावं. मे महिन्यात कूलरच्या पॅडवर जो पांढरा खरखरीत थर चढतो आणि जाळी दगडासारखी होते, तोच थर गिझरच्या आत कॉईलवर चढतो. फरक इतकाच, की कूलरचा दिसतो. थराखाली अडकलेलं पाणी उकळतं, वाफेचे बुडबुडे फुटतात आणि कढईत चणे फुटावेत तसा आवाज येतो. तापमान जितकं जास्त तितके क्षार लवकर बसतात, म्हणून नॉब शेवटपर्यंत पिळून ठेवू नका. ५० ते ५५ अंशांत अंघोळ मजेत होते आणि लहान मुलाचा हात भाजायची भीतीही कमी.

मागच्या हिवाळ्यात बेसाकडे एक गिझर उघडला. फ्लँजचे (टाकीच्या झाकणाचे) बोल्ट काढताच आधी गढूळ पाणी, मग चुन्याचे पापुद्रे खळखळत बादलीत पडले, दोन मग भरतील एवढे. कॉईल बाहेर काढली तर मक्याच्या कणसासारखी झालेली. आणि तिच्याशेजारी जो मॅग्नेशियमचा दांडा असायला हवा, तिथे नुसती सायकलच्या स्पोकसारखी तार. हा दांडा म्हणजे अॅनोड. टाकीऐवजी स्वतः झिजायचं एवढंच त्याचं काम. तो संपला की गंज टाकीला खायला लागतो. त्या घरी पाच वर्षांत कोणी तो पाहिलाच नव्हता, कारण "गिझर चालून राहिला होता ना भाऊ."

बोरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा, पेंचचं (कॉर्पोरेशनचं धरणाचं पाणी) असेल तर दोन वर्षांतून एकदा टाकी उघडून साफ करून घ्या. साफसफाईत चार गोष्टी व्हायला हव्यात: टाकीतला गाळ काढणं, कॉईल बाहेर काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून खरवडणं, अॅनोड बघणं आणि बसवताना नवी गॅस्केट टाकणं. संडास धुवायचं ॲसिड गिझरमध्ये ओतणारा मिस्त्री दारातूनच परत पाठवा. त्या ॲसिडने क्षारांबरोबर कॉईलचं तांबं आणि टाकीचे सांधेही खाल्ले जातात. पहिल्या दिवशी गिझर नव्यासारखा वाटतो, पुढच्या हिवाळ्यात टाकी पाझरते. गरम पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर तोही बहुतेक याच कोपऱ्यातला दोष: बोरच्या पाण्यातले काही जिवाणू आणि अॅनोडचं मॅग्नेशियम मिळून तो वास करतात.

गळती. पाणी तापलं की फुगतं. २५ लिटर पाणी १८ वरून ६० अंशांवर गेलं की जवळजवळ ४०० मिलिलिटर वाढतं, म्हणजे दीड-दोन फुलपात्रं. टाकी लोखंडी, ती फुगत नाही. मागे नॉन-रिटर्न असेल तर पाणी आल्या वाटेने परतही जाऊ शकत नाही. मग ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडतं. व्हॉल्व्ह त्यासाठीच असतो. पूर्वी गळत नव्हतं आणि दिवाळीनंतर गळायला लागलं याचा माझ्या मते अर्थ एवढाच, की प्लंबरने काम करताना लाइनीत नवा नॉन-रिटर्न टाकला. त्याआधी फुगलेलं पाणी गुपचूप वरच्या टाकीत जात होतं. त्याने काम चांगलंच केलं, तुम्हाला सांगितलं मात्र नाही. व्हॉल्व्हच्या तोंडाला बारीक नळी लावून मोरीच्या जाळीपर्यंत सोडा, भिंतही ओली होणार नाही. ती नळी खाली उतरती हवी आणि तिचं तोंड कायम उघडं. गिझर दिवसभर बंद असतानाही गळत असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे किंवा लाइनीचं प्रेशर जास्त आहे, प्रेशर पंप असलेल्या घरांत हे होतं. तेव्हा व्हॉल्व्ह बदला, बुजवू नका. काकूंना म्हणावं, थर्मोस्टॅट चिकटला, कट-आऊटही चिकटलं आणि वर डमी मारलेली, अशी तिन्ही एकत्र आली की डोक्यावर टांगलेला २५ लिटरचा प्रेशर कुकर होतो, आणि त्याला शिट्टी नसते.

गॅस गिझर. दिरांचं म्हणणं पैशाच्या हिशेबाने समजतं, पाणीही झटक्यात तापतं. पण बाथरूमच्या आत तो बसवणार असाल तर माझं उत्तर नाही. गॅस जळायला हवा लागते. आपल्या फ्लॅटची बाथरूम चार बाय सातची, थंडीत खिडकी बंद. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम मिसळलेला वास असतो, याला तोही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो. डोकं जड होतं, पाय गळतात, आणि कडी काढायचंही भान राहत नाही. दर हिवाळ्यात पेपरात अशी बातमी येतेच. 'एक्झॉस्ट फॅन आहे ना' हे उत्तर मी धरत नाही. फॅन बंद राहतो, जळतो, जाळीवर कबुतर घरटं करतं. बसवायचाच असेल तर बाहेर, मोकळ्या बाल्कनीत किंवा डक्टच्या उघड्या बाजूला, आणि बाथरूममध्ये फक्त गरम पाण्याचा पाईप. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली की वापर बंद आणि कंपनीचा माणूस. सिलिंडरचा वास आला तर १९०६ वर फोन, नळाचा पाना घेऊन स्वतः नाही.

सोलरवाल्यांनाही दोन शब्द, कारण नागपूरच्या गच्च्यांवर ते भरपूर आहेत. वरच्या टाकीच्या तळाच्या कॉकमधून पाणी गरम येतंय आणि बाथरूममध्ये गार, तर सोलर कंपनीला फोन करू नका, मिक्सरची आधी सांगितलेलीच तपासणी करा. टाकीतच गार असेल तर ट्यूबमध्ये क्षार असतील, नाहीतर एखादी फुटली असेल. सेमिनरी हिल्सच्या बाजूला वानरांचीही शक्यता धरावी लागते.

आता माणूस निवडायचं. फोनवरच अर्धी परीक्षा होते. "गिझर पाणी गरम नाही करून राहिला" एवढं सांगून गप्प बसा आणि समोरचा काय विचारतो ते ऐका. दिवा लागतो का, एमसीबी पडतो का, सगळ्या नळांना गार की एकाच, पाणी बोरचं की कॉर्पोरेशनचं, अलीकडे काही काम केलं का. यातले दोन-तीन प्रश्न जरी आले तरी माणूस कामाचा. 'लोकेशन टाका, येऊन बघतो' एवढंच म्हणाला तर तो येईल आणि त्याच्या पिशवीत जो पार्ट आहे तोच तुमच्याकडे खराब निघेल. आल्यावर तो आधी काय बाहेर काढतो ते बघा, पाना की मीटर. नुसत्या टेस्टरवर निदान करणारा मला चालत नाही. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे फेज आहे इतकंच कळतं, अर्थिंग आहे का, कॉईलमधून करंट जमिनीत गळतो का, हे त्याला दिसत नाही.

विजेच्या कामात कोणाला हात लावू द्यायचा यात मी कर्मठ आहे. नळाला हात लावल्यावर मुंग्या येणं, अर्थ लिकेजचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडणं, प्लग काळा पडणं, या तीन गोष्टी दिसल्या की एमसीबी खाली आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियन. ओळखीचा सगळंच करणारा पोरगा नको. आरसीसीबी पडतो म्हणून तो बायपास करून देणारे महाभाग मी पाहिले आहेत. ३० मिलिॲम्पिअरला पडणारं ते यंत्र तक्रार करत नसतं, कॉईलला भेग गेली आहे असं सांगत असतं. जुन्या महाल-इतवारीतल्या वाड्यांत तीन पिनचं सॉकेट असतं आणि अर्थच्या पिनेमागे तारच नसते. काही ठिकाणी स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये, म्हणजे बटण बंद केलं तरी कॉईलवर करंट. नव्या लेआऊटांत अर्थिंगचा खड्डा असतो, पण मे महिन्यात तो भाकरीसारखा सुकतो आणि त्यात कोणी पाणी ओतत नाही. दोन हजार वॅटला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १६ ॲम्पिअरचं सॉकेट हवं, तीन हजाराच्या इन्स्टंटला मी ४ ची वायर ओढतो. एक्स्टेन्शन बोर्डावर गिझर चालवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्या प्लगचा काळा पडलेला भाग दाखवतो.

वॉरंटी सुरू असेल तर बाहेरच्या माणसाला गिझर उघडू देऊ नका. कार्डावर टाकीची, कॉईलची आणि पूर्ण गिझरची मुदत बहुधा वेगवेगळी लिहिलेली असते. चार वर्षांचा गिझर असूनही टाकी मुदतीत असू शकते, हे तुम्ही पाहिलंय का? आणि कंपनीचा नंबर कार्डावरून किंवा गिझरच्या स्टिकरवरूनच घ्या. इंटरनेटवर शोधून मिळालेल्या 'कस्टमर केअर'ने माझ्या एका गिऱ्हाइकाला आधी दहा रुपये भरायला लावले, मग फोनमध्ये एक ॲप घ्यायला लावलं, आणि संध्याकाळपर्यंत खातं रिकामं. असं झालंच तर लगेच १९३०. कंपनीनेच वॉरंटीत टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

दर आधी विचारा, आणि तुकडे करून विचारा: येण्याचे किती, मजुरीचे किती, पार्ट कोणता आणि कुठल्या कंपनीचा. लाजू नका. मी स्वतः पार्टचं खोकं गिऱ्हाइकासमोर फोडतो आणि जुना पार्ट हातात देतो. चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही. एक मात्र धंद्याच्या बाजूने सांगतो: जानेवारीत पारा आठवर गेला की दिवसाला तीस फोन येतात, तेव्हा निवांत काम मिळणार नाही. गिझरची साफसफाई ऑक्टोबरात सांगा, कूलर झाकून ठेवायच्या वेळी.

राहिली टाकी. दुसऱ्या मिस्त्रीने ती गेली असं कशावरून ठरवलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. टाकी फुटली की पाणी व्हॉल्व्हमधून येत नाही, बाहेरच्या आवरणाच्या खालच्या सांध्यातून झिरपतं, बहुतेकदा गंजाच्या तांबूस रेघेसह, आणि गिझर बंद असतानाही. खालून कोरडा रुमाल फिरवा. कोरडाच राहिला तर टाकी गेलेली नाही, त्याला व्हॉल्व्हची गळती दिसली असावी. तांबूस ओला झाला तर मात्र तो खरं बोलतोय. ती टाकी जोडत बसू नका. नवा घेताना आयएस २०८२ चा आयएसआय शिक्का बघा, बोरच्या पाण्यासाठी काचेचा लेप असलेली टाकी घ्या आणि तुमच्याकडे प्रेशर पंप असेल तर आठ बार प्रेशर सोसणारी.

आणि पहिल्या मिस्त्रीने काढलेला जुना थर्मोस्टॅट घरात पडला असेल तर फेकू नका. साफसफाईला जो कोणी येईल त्याला तो मीटरवर लावून दाखवायला सांगा. त्याच्याजवळ मीटर आहे की नाही, तेही त्यातच कळेल.